घोडीची उंची आणि उजवा हात

सायखेड्यात कुणी ‘बँजो आलाय’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वरात उभी राहते. निफाड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं हे गाव. नदीपलीकडे चांदोरी, अलीकडे पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या उपबाजारातले कांद्याचे लिलाव, आणि भोवतीचा सगळा मुलूख नाशिक ढोलाचा. त्या ढोलांच्या दणक्यातही लग्नाच्या गाण्याची चाल ज्याच्यामुळे ओळखू येते ते वाद्य म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या, तारांवर टाइपरायटरसारख्या बटणांची रांग, आणि एका टोकाला भोंग्याकडे जाणारी वायर. वादकाचा डावा हात बटणांवर धावतो आणि उजवा हात पत्तीने तारा छेडतो.

हाच शब्द अमेरिकेतल्या एखाद्या वादकासमोर उच्चारला, तर त्याच्या मनात वेगळंच वाद्य येईल. डफासारखं गोल अंग, त्याला गिटारसारखी लांब दांडी, पाच तारा, आणि तारा छेडायला पत्ती नव्हे तर उजव्या हाताची बोटं. एका नावाची ही दोन वाद्यं जन्माने एकमेकांची कुणीच लागत नाहीत. तरी दोन्हींच्या वादकांची एक तक्रार सारखी असते: हात लवकर दुखतो, बोट किंवा पत्ती अडखळते, आवाज हवा तसा फुटत नाही. बहुतेक जण याचा दोष रियाजाला देतात. पण बऱ्याचदा दोष असतो तारा ज्यावर टेकतात त्या लाकडाच्या एका लहानशा तुकड्यात. त्याला आपल्याकडे घोडी म्हणतात.

आपल्याकडचा बँजो आला जपानमधून. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं. ताइशो सम्राटाची कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून ताइशो. आणि ‘कोतो’ हे जपानचं जुनं तंतुवाद्य. तारेवर योग्य जागी बोट ठेवण्याची विद्या ज्याला येत नाही, त्यालाही बटण दाबून सूर काढता यावा ही त्यामागची युक्ती. भारतात ते ‘बुलबुलतरंग’ झालं, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झालं आणि महाराष्ट्राच्या मिरवणुकीत ‘बँजो’. मुंबईच्या गणेशोत्सवात आणि लग्नांत ‘बँजो पार्टी’ हा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच वादकांच्या दुनियेवर.

पाच तारांच्या बँजोची कुळकथा आफ्रिकेतून निघते. सेनेगल आणि गांबियातल्या जोला लोकांचं ‘अकोंटिंग’ हे वाद्य पाहिलं, की मराठी माणसाला आपल्या तंबोऱ्याची आठवण व्हावी, कारण त्याचंही अंग भोपळ्याचं. फरक एवढाच, की भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबलीऐवजी कातडं ताणलेलं असतं आणि घोडी त्या कातड्यावर उभी राहते. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांनी अशा वाद्यांची ओळख सोबत नेली आणि तिथे बँजो घडत गेला. भोपळ्याच्या जागी लाकडी कडं आलं, पण कातड्यावरची घोडी आणि अंगठ्याने वाजणारी आखूड तार कायम राहिली.

या बँजोला आजचं रूप देणाऱ्यांत अर्ल स्क्रग्ज हे नाव सर्वांत मोठं. नॉर्थ कॅरोलिनात १९२४ साली जन्मलेला हा वादक डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकी गायक बिल मन्रोच्या ताफ्यात आला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत नख्या घालून तो इतक्या वेगाने वाजवी, की एकाच वाद्यातून सुरांची माळ ओवल्यासारखी वाटे. सतारवादकाच्या बोटात एक नखी असते. इथे तीन, अंगठ्याला बहुधा प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना धातूच्या. उरलेली अनामिका आणि करंगळी कातड्यावर टेकतात आणि हाताला आधार देतात. आता कल्पना करावी: दोन बोटं कातड्यावर रोवलेली, तीन बोटं तारांवर नाचतायत, आणि तारा व कातडं यांच्यात अंतर आहे जेमतेम दीड सेंटिमीटर. हे अंतर ठरवते घोडी.

बँजोच्या घोडीच्या उंचीचे काही ठरलेले आकडे आहेत. सर्वांत प्रचलित उंची ५/८ इंच, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. जुन्या बँजोंवर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटरची ठेंगणी घोडी सापडते. ज्यांना बोटांखाली जास्त जागा हवी ते ११/१६ इंच, म्हणजे १७.५ मिलिमीटरची घेतात, आणि त्याहून उंच पाऊण इंची, १९ मिलिमीटरचीही मिळते. घोडी बहुधा मेपलच्या लाकडाची असते आणि वरच्या कडेला काळ्याभोर आबनुसाची पट्टी असते. वजन साधारण दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे दोन बदामांइतकं. ती कशानेही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती कातड्यावर उभी असते आणि सगळ्या तारा सैल केल्या की आडवी पडते.

हा दाब किती असतो, याचा अंदाज गणिताने येतो. समजा, पाचही तारांचा मिळून ताण २५ किलो आहे आणि घोडीवरून पलीकडे उतरताना तारा १३ अंशांनी वळतात. या हिशेबाने घोडीवर खालच्या दिशेला सुमारे पावणेसहा किलोचा भार येतो. घोडी उंच केली की हा कोन वाढतो आणि भारही वाढतो. आवाज खणखणीत होतो, पण तारा बोटाला कडक लागतात. ठेंगण्या घोडीने तारा मऊ होतात, आवाज थोडा दबतो आणि नख्या कातड्यावर आपटून टकटक ऐकू येऊ लागते. नखी कातड्याला लागते, ही घोडी ठेंगणी असल्याची पहिली खूण. दुसरी खूण मनगटात जाणवते. खाली जागा नसली की वादक नकळत मनगट वर उचलून बोटं आडवी करतो, आणि अर्ध्या तासात हात भरून येतो.

मग उंच घोडी बसवून मोकळं व्हावं? इथेच डावा हात मध्ये येतो. तार एका टोकाला अटीवर, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीवर टेकते आणि दुसऱ्या टोकाला घोडीवर. घोडी २ मिलिमीटरने उंच केली, तर बाराव्या पडद्यावर तार १ मिलिमीटरने वर जाते, कारण तो पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. सातव्या पडद्यावर हाच फरक सुमारे ०.७ मिलिमीटर आणि बाविसाव्यावर जवळजवळ दीड. वादक या अंतराला ‘ॲक्शन’ म्हणतात. बाराव्या पडद्यावर साधारण ३ मिलिमीटर ॲक्शन असली की बहुतेकांना बरी वाटते. ती ४ वर गेली, की उजव्या हाताला मिळालेलं सुख डाव्या हाताच्या बोटांतून वसूल होतं. म्हणून ५/८ वरून एकदम पाऊण इंचावर उडी मारण्याऐवजी ११/१६ वर थांबणारेच जास्त. त्या बदलाने घोडीपाशी १.६ मिलिमीटर जागा मिळते आणि बाराव्या पडद्यावर फक्त ०.८ मिलिमीटर मोजावे लागतात.

पावसाळ्यात मात्र घोडी न बदलताही तिची उंची बदलते. घोडी उभी असते कातड्यावर, आणि कातडं दमट हवेत सैल पडतं. सैल कातडं घोडीखाली दबतं, घोडी खाली जाते, तारा पडद्यांना भिडून झणझणतात. वादक म्हणतो, घोडी ठेंगणी झाली. झालेलं असतं एवढंच, की जमीन खचलेली असते.

ही अडचण आपल्याकडे सरोदवादकांना चांगली ठाऊक आहे. सरोद हे बँजोचं खरं भारतीय भावंड म्हणायला हरकत नाही: त्यावरही बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं, घोडी त्याच्यावरच उभी असते, आणि नारळाच्या करवंटीच्या जव्याने तारा छेडतात. झरीन दारूवाला-शर्मा यांच्यासारख्या सरोदवादक मुंबईच्या हवेत हे वाद्य वाजवत आल्या. मुंबईचा पावसाळा आणि ताणलेलं कातडं यांचं सख्य कधीच नसतं. पाच तारांच्या बँजोवाल्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मायलर नावाच्या प्लॅस्टिकचा आसरा घेतला. त्याला दमट हवेचं फारसं काही वाटत नाही, म्हणून आज बहुतेक बँजोंवर तेच असतं. तरी लाकडी दांडी ऋतूनुसार किंचित हलतेच, आणि कातडं ताणून धरणारे कड्याभोवतीचे आकडे ढिले पडतातच.

त्यामुळे जुळवणीला हात घालताना घोडी पहिली येत नाही. पहिलं येतं कातडं. एक सरळ लोखंडी पट्टी कड्याच्या दोन्ही काठांवर टेकवून घोडीच्या शेजारून आडवी धरावी. पट्टीखाली कातडं किती खचलंय ते डोळ्यांना दिसतं. खच मोठा असेल तर आधी ताण वाढवायचा. बँजोच्या कड्याभोवती बहुधा २४ आकडे असतात. तबल्याचे गठ्ठे ठोकताना जसा समोरासमोरचा हिशेब ठेवतात, तसाच इथे ठेवायचा: एक आकडा किंचित आवळला, की पुढचा त्याच्या समोरचा. एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. मायलरचं कातडं बोटाने टिचकी मारून ऐकलं, तर अनेक वादकांना पांढरी पाच ते काळी चार या दरम्यानचा सूर बरा वाटतो.

त्यानंतर दांडी. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मधल्या पडद्यांकडे बघावं. तिथे तारेखाली केसभर फट असावी. अजिबात नसली किंवा भलतीच मोठी असली, तर दांडी वाकलेली आहे. ती दांडीच्या आतल्या लोखंडी सळईने सरळ करतात, आणि हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावं. अंगाला दांडी ज्या कोनात बसवली आहे तो कोनही बदलता येतो, पण अगदी थोडाच. आतले नट पिळून मोठा कोन काढायला गेलं, तर गोल कडं चेपून अंडाकृती होतं.

घोडीची पाळी येते ती यानंतर. नवी घोडी बाहेरून मागवावी लागते आणि तिची योग्य उंची आधी कळत नाही. यावर एक स्वस्त उपाय आहे. पत्त्याचं एक पान सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असतं. घोडीच्या पायांच्या मापाचे तुकडे कापून पाच-सहा थर पायांखाली सरकवले, की ५/८ ची घोडी ११/१६ च्या उंचीला पोचते. पुठ्ठ्यामुळे आवाज मंदावतो, त्यावर निकाल देऊ नये. पण उजव्या हाताला जागा पुरते का, डावा हात कुरकुरतो का, हे दोन दिवस वाजवून कळतं. एकेक थर काढत गेलं, की आपल्या हाताचा आकडा सापडतो आणि मग तेवढ्याच उंचीची घोडी मागवता येते.

घोडी उंच केली की ती थोडी सरकवावीही लागते. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. तपासायची रीत सोपी आहे. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं की एक बारीक, घंटेसारखा स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक असले तर घोडी जागेवर आहे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकवायची. उतरलेला असेल तर दांडीकडे. टेलपीस म्हणजे सतारीच्या भाषेत लंगोट, जिथे तारांची शेवटची टोकं अडकतात. सरकवण्याआधी तारा थोड्या उतरवाव्यात, आणि घोडी दोन्ही हातांनी पायांशी धरावी. वरून ढकललेली घोडी तिरकी होते, आणि तिरकी घोडी काही महिन्यांत कंबर मोडून बसते.

लंगोटाचं टोक कातड्यापासून किती वर आहे, हाही उजव्या हाताच्या सुखाचा एक स्क्रू आहे. टोक खाली केलं की घोडीवरचा दाब वाढतो. आवाज टोकदार होतो, तारा कडक होतात. वर केलं की तारा मऊ होतात. नख्या घालून वेगाने वाजवणाऱ्याला थोडा कडकपणा आवडतो, कारण बोट तारेवरून चटकन परततं. नख्यांशिवाय, उघड्या बोटांनी वाजवणाऱ्याने टोक वर ठेवावं आणि तार बारीक घ्यावी. पहिली तार ०.२५ मिलिमीटरऐवजी ०.२३ ची घेतली, तर फरक आकड्यात नगण्य दिसतो, पण बोटांच्या टोकांना तो पहिल्याच गाण्यात कळतो.

हात कुठे ठेवायचा, यावरही घोडीची उंची ठरते. घोडीजवळ वाजवलं की आवाज धारदार येतो. दांडीकडे सरकलं की गोल, मऊ. पण तारा घोडीपासून दांडीकडे उतरत जातात, म्हणून दांडीजवळ त्यांच्या खाली जागा कमी असते. मऊ आवाजाच्या शोधात तिकडे वाजवणाऱ्याला जास्त उंच घोडी लागते. नखाने वरून खाली झटका मारण्याची ‘क्लॉहॅमर’ नावाची जुनी पद्धत वाजवणाऱ्यांनाही तीच गरज असते. म्हणून दोन चांगल्या वादकांच्या घोड्या वेगळ्या उंचीच्या निघाल्या, तर त्यात कुणाचं चुकलेलं नसतं.

मिरजेच्या कारागिरांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तिथे सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. पंढरपूर परिसरातले भोपळे आणि मिरजेचे हात यांतून जो तंबोरा निघाला, त्याने देशभर नाव कमावलं, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे घोडीवरच्या कामाला ‘जवारी’ म्हणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिचा माथा कानसीने घासून असा गोलसर करतात, की तार त्याच्यावर निसटती टेकते आणि सुराभोवती गुंजन तयार होतं. तारेखाली दोरा सरकवून ते गुंजन नेमकं पकडतात. गवयाचा गळा कोणता, त्याला आवाज खुला हवा की बंद, हे विचारून जवारी काढली जाते. बँजोच्या घोडीचा माथा मात्र अरुंद कडेसारखा असतो, कारण तिथे गुंजन नको असतं, स्वच्छ टणत्कार हवा असतो. मिरजेत घोडीचा माथा गवयाच्या गळ्याला जुळवतात. बँजोत घोडीची उंची वादकाच्या हाताला जुळवायची असते.

आणि सायखेड्याच्या वरातीतला बँजो? त्याची घोडी लाकडी पेटीवर उभी असते, त्यामुळे कातडं खचण्याची भीती नाही. पण बाकीचा हिशेब तोच. घोडी उंच असली, तर बटणाला तार पडद्यापर्यंत नेण्यासाठी जास्त खाली जावं लागतं. डाव्या हाताला जोर लागतो आणि स्वर चढा येतो. ठेंगणी असली, तर तार शेजारच्या पडद्याला घासून झणझणते. भोंग्यातून ती झणझण दसपट मोठी होऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाते. उजव्या हाताची पत्ती शेवटचा पडदा आणि घोडी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चालते. तिथे तारा एका पातळीत नसल्या, तर पत्ती एका तारेत खोल घुसते आणि दुसरीला नुसती चाटून जाते. हा दोष घोडीच्या खाचा बारीक कानसीने एकसारख्या करून जातो. खाच एकदा खोल झाली की परत भरत नाही, म्हणून दोन-चार घासे, मग तार चढवून ऐकणं, मग पुन्हा दोन घासे, असंच जावं लागतं.

दोन जगांतले हे बँजो अजून एका मैफलीत फारसे भेटलेले नाहीत, पण पाच तारांचा बँजो भारतीय वादकांच्या शेजारी कधीच येऊन बसला आहे. अमेरिकी बँजोवादक बेला फ्लेक, तबल्यावर झाकीर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया आणि डबल बासवर एडगर मायर यांचा ‘ॲज वी स्पीक’ हा अल्बम २०२३ साली आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. पाच तारांच्या बँजोची नेहमीची जुळणीही आपल्या कानाला परकी नाही. पांढरी पाच हा षड्ज धरला, तर तारा लागतात तार षड्ज, मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि पंचम. तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला यात फक्त गंधार जास्तीचा वाटेल.

ज्यांच्या हाती पाच तारांचा बँजो आहे, त्यांनी एक काम आजच करावं. घोडीच्या पायांभोवती कातड्यावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी आणि बाराव्या पडद्यावरचं अंतर मोजून वहीत तारखेसह लिहावं. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एक काढावी, एक चढवावी, म्हणजे घोडी पडत नाही. आणि वाद्यावर खरं कातडं असेल, तर जुलैत आवळलेले आकडे ऑक्टोबरच्या उन्हाआधी सैल करायला विसरू नये. नदीकाठच्या दमट हवेत ताणलेलं कातडं कोरड्या उन्हात आणखी आखडतं, आणि रात्री कुणी हात न लावताही फाटतं.